पोकरमध्ये हातात मधलीच जोडी असेल तर शेवटी बेट करावी की चेक?

तुमचा प्रश्न असा की शेवटचं पान उघडलंय, समोरच्याने चेक केलंय (म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिलीय), आपल्याकडे धड भारी नाही धड फालतू नाही अशी जोडी आहे, तर बेट करायची, म्हणजे पैसे लावायचे, की चेक करून पानं उघडायची. चेक करा. बहुतेक वेळा चेकच. आणि कोणी घाबरट म्हणालं तर म्हणू दे, मी २०१९ च्या गणपतीपासून ऐकतोय.

सासरवाडी वाईची. जागरणाला दरवर्षी मेंढीकोट नाहीतर रमी, त्या वर्षी मेहुण्याने पुण्याहून पोकरच्या चिप्सचा (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) डबा आणला आणि सगळ्यांना होल्डेम शिकवलं, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि खाली सगळ्यांची मिळून पाच, तो पोकर. पैसे नव्हते, प्रत्येकी ५००० च्या चिप्स, आणि जो पहिला संपेल त्याने सकाळी सगळ्यांना मिसळ द्यायची. रात्री दीडला मी आणि बायकोचे मामा असे दोघेच एका डावात उरलो. माझ्याकडे इस्पिकचे राजा-दश्शी. फ्लॉपला, म्हणजे खालच्या पहिल्या तीन पानांत, चौकट राजा, बदाम अठ्ठी, बदाम तिर्री. मी ४०० लावले, मामांनी कॉल केलं, म्हणजे तेवढेच घातले. टर्नला, म्हणजे चौथं पान, किलवर पंजी, दोघांचं चेक (त्यावर वेगळं भांडण आहे, ते राहू दे). रिव्हरला, म्हणजे शेवटचं पाचवं पान, किलवर एक्का, आणि माझी राजाची जोडी मधली झाली. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १४५०. मामांनी सतरंजीवर दोन बोटं टेकवली, म्हणजे चेक.

आता मामा म्हणजे बँकेतले रिटायर्ड कॅशियर. चिप्सचे दहा-दहाचे मनोरे लावून बसलेले, कॉल करायचं मनात आलं की एक मनोरा उचलून दोनदा मोजायचे आणि परत जागेवर ठेवून पानं टाकायचे. त्या रात्री रिव्हरच्या बेटवर त्यांनी दोनदा बारकी जोडी टाकलेली, टाकताना सगळ्यांना दाखवलेली सुद्धा. हे मी बघत होतो, मेहुणा बाकीच्यांना शिकवण्यात गुंग होता. मी चेक केलं, मामांनी नव्वी-अठ्ठी दाखवली, पॉट माझा. आणि मेहुणा ओरडला, "दाजी, घाबरलात! ७०० लावायचे होते, मामांनी दिले असते!"

तेव्हापासून प्रत्येक गणपतीत, प्रत्येक लग्नात हेच.

तर हिशोब बघा. आपण ७०० लावले तर कोण कॉल करेल एवढाच प्रश्न असतो, आत्ता कोण पुढे आहे हा नाही. कॉल करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आपल्यापेक्षा हलके हात असले तरच ती बेट फायद्याची. चारातला एक राजा माझ्याकडे, एक खाली, उरले दोन. म्हणजे दोन राजे गुणिले चार राण्या, मामांकडे राजा-राणी असायचे ८ प्रकार, राजा-गुलामाचे ८, हे दोन्ही मला मारतात (राजाची जोडी सारखीच, पण सोबतचं पान माझ्या दश्शीपेक्षा मोठं) आणि कॉलही करणार. राजा-नव्वीचे ८, तेवढेच मी मारतो. राजा-सत्ती वगैरे मामा खेळतच नाहीत. एक्केवाले हात मी धरलेसुद्धा नाहीत, कारण मेहुण्याचं म्हणणं की एक्का असता तर मामांनी स्वतःच लावले असते. बरं, सोड एक्के, तरी १६ ला ८! मग राहिली अठ्ठीची जोडी, ती कॉल करत असेल तरच मेहुणा बरोबर. दुसऱ्या दिवशी मिसळ खाताना मी मामांना सरळ विचारलं. म्हणाले, "एक्का आल्यावर मी अठ्ठीवर कशाला घालू?" यावर मेहुण्याचं उत्तर, मामा आता काहीही म्हणतील.

मला वाटतं हा सगळा तीन पत्तीचा परिणाम आहे. तीन पत्तीत फुकट थांबायची सोयच नाही, चाल भर नाहीतर पॅक कर, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला चेक म्हणजे माघारच वाटते. पोकरमध्ये चेक ही पण चाल आहे, आणि आपण शेवटी बोलणारे असलो तर चेक केलं की पानं उघडतात, जी मधल्या हाताला हवीच असतात.

हां, एक राहिलं, समोर मामांच्या जागी कशावरही कॉल करणारा माणूस असेल तर बिनधास्त लावा, तिथे अठ्ठी काय तिर्रीची जोडी पण पैसे देते. मेहुणा स्वतः तसाच खेळतो म्हणून त्याला सगळं जग तसं वाटतं. आणि मी हे फक्त रिव्हरचं सांगितलं. फ्लॉपला अजून दोन पानं यायची असतात, समोरच्याचे बदाम जमू शकतात, तिथे त्याला फुकट पान देणं महागात जातं म्हणून मी पण तिथे ४०० लावलेच होते. तुमची बोलायची पाळी आधी असेल तर अजून वेगळं, चेक केल्यावर तो लावू शकतो, मग कॉल करायचं का ते चेक करायच्या आधीच ठरवून ठेवा, मागाहून मनोरे मोजत बसू नका.