खडेबाजारचा गलका खोलीत

प्रश्न : निपाणीत आमचं श्रवणयंत्रांचं केंद्र आहे. खोलीत गिऱ्हाईकाला नीट ऐकू येतं, पण बाजारात गेला की 'नुसता गलका' म्हणत परत येतो. म्हणून बेळगावच्या खडेबाजारचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून समोरच्या दोन स्पीकरवर लावलं. तरी दोन यंत्रांतला फरक कळेना. काय चुकतंय?

उत्तर : मोबाइल मोठा आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो, बाजाराचा चढउतारच सपाट होतो. गेन, म्हणजे आवाज किती उचलायचा ते, हाताने लावता येणारा रेकॉर्डर घ्या, माइक कानाच्या उंचीला. शेजारी साउंड लेव्हल मीटर धरून सरासरी डेसिबल लिहून ठेवा, नाहीतर खोलीत सगळा कारभार अंदाजपंचे.

मोठी चूक दिशेची. यंत्रातले दोन माइक जेमतेम सेंटिमीटरभर अंतरावर असतात. आवाज कुठून येतो यावरून ते समोरचं बोलणं निवडतात. गलकाही समोरूनच आला तर निवडणार काय? खुर्चीभोवती सव्वा-दीड मीटरवर आठ स्पीकर ठेवा, दर ४५ अंशांवर एक. आठांवर एकच ट्रॅक लावू नका. लाटा एकमेकींना खातात आणि डोकं चार बोटं हललं की आवाज बदलतो. त्याच रेकॉर्डिंगचे आठ वेगळे तुकडे लावा.

पातळी मोजताना खुर्ची रिकामी, मीटर डोक्याच्या जागी. आठ वेगळे आवाज मिळून एकट्यापेक्षा ९ डेसिबल जास्त होतात. म्हणजे एकूण ६५ हवे तर प्रत्येकी ५६. बोलणं फक्त समोरून, ७५ पासून दोन-दोनने खाली. निम्मी वाक्यं बरोबर येतात तो आकडा दोन्ही यंत्रांसाठी टिपा. गलका सुरू करून पंधरा-वीस सेकंदांनीच पहिलं वाक्य द्या, यंत्राला गोंगाट ओळखायला वेळ लागतो.

प्रयोगशाळांतली अँबिसॉनिक्स पद्धत, म्हणजे चहूबाजूंचा आवाज एका जागी टिपून स्पीकरांवर पुन्हा उभा करणं, चार कॅप्सूलच्या (आत चार छोटे माइक असलेल्या) स्वस्त माइकवर करायला जाऊ नका. तेवढ्यावर डोक्याभोवतीचा आवाज साधारण ६०० हर्ट्झपर्यंतच खरा उभा राहतो. 'स', 'श' त्याच्या कितीतरी वर.

वाक्यं गिऱ्हाईकाच्या घरच्या भाषेत. गलक्यात मात्र 'केवढ्याला?'च्या शेजारी कानडी 'एष्टु?' हवंच. आपल्याकडे दोन्ही कळतं, आणि कळणारी बडबड नुसत्या घोंघाटापेक्षा जास्त आड येते. पुण्याच्या मंडईचं रेकॉर्डिंग इथे चालायचं नाही.

भिंतींना जाड गोधड्या टांगा. आणि पंखा बंद! त्याची एकसुरी घरघर यंत्र लगेच दाबतं, अन् तुम्हाला वाटतं बाजार दबला.