बी कोणाचं पडतंय ते बघ

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मे महिन्यात पाणवठ्यावर आलेल्या चितळांच्या फासळ्या दिसत होत्या, तेव्हापासून ते चित्र डोक्यातून जात नाही, असं तू लिहिलंस. ते जाऊही नये. उन्हाळ्यातली चितळं बघून ज्याला काहीच होत नाही, त्याने बीट, म्हणजे वनरक्षकाच्या वाट्याचं जंगल, सांभाळण्यात अर्थ नाही. पण पुढचं वाचून मी अस्वस्थ झालो, आणि खरं सांगतो, चिडलोही. जंगलातलं गाव उठून गेलेल्या त्या शेतांवर चितळांसाठी बरसीम हा हिरवा चारा पेरायचा ठरलाय, बियाचं पोतं येऊन पडलंय, ट्रॅक्टर सांगून ठेवलाय. एक जण म्हणतो सगळं नांगरून काढ, दुसरा म्हणतो नेपियर गवत लाव, तिसरा म्हणतो हातच लावू नको. मग मी ऐकू कोणाचं, असं विचारतेस.

सध्या कोणाचंच ऐकू नकोस. त्या शेतात जा, उकिडवी बस आणि बी कोणाचं पडतंय ते बघ. निधी, आराखडा, ट्रॅक्टर हे सगळं त्यानंतर.

तू पाहिलेले ते क्लोव्हर या चाऱ्याचे व्हिडिओ अमेरिकेतले आहेत. तिथे लोक पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी, आणि बहुतेक वेळा शिकारीसाठी, स्वतःच्या मालकीच्या जमिनीत क्लोव्हर पेरतात. हवा थंड, जमीन ओल धरणारी आणि मातीचा सामू 6 ते 7 च्या दरम्यान असला तर पांढरा क्लोव्हर तिथे काही वर्षं टिकतो. हिवाळ्याआधी हरणांच्या अंगावर चरबी चढायला त्याची मदत होते. पण बर्फाचा जाड थर साचला की तिथलीही हरणं झुडपांच्या कोवळ्या काड्या आणि कळ्या खाऊनच दिवस काढतात. व्हिडिओत हे फारसं दिसत नाही, कारण हिरवागार तुकडा कॅमेऱ्यात छान येतो.

आपल्याकडे तर टंचाईचा काळच वेगळा. विदर्भातल्या चितळाला डिसेंबर जड जात नाही. जड जातो तो एप्रिलच्या शेवटापासून पहिल्या पावसापर्यंतचा काळ. आता बरसीमचा हिशोब मांड. हाही क्लोव्हरचाच भाऊबंद, रब्बीचं पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, दर पंधरवड्याला पाणी, पहिली कापणी साधारण 50 दिवसांनी, आणि ऊन तापलं की एप्रिलमध्ये तो संपत येतो. ज्या महिन्यासाठी तू पेरतेस त्या महिन्यात तो शेतात नसतो! मधल्या काळात मात्र एवढ्याशा हिरव्या तुकड्यावर कळपच्या कळप दाटी करतात, तिथेच चरतात, तिथेच लेंड्या टाकतात. जंत आणि लाळ्या-खुरकूत अशा दाटीतच पसरतात. त्यात ओला द्विदल चारा एकदम पोटात गेला की पोट फुगतं, हे कुठल्याही म्हैसवाल्याला विचार. चितळही रवंथ करणाराच प्राणी.

आणि ते पोतं. बरसीमच्या बियात कासनी या तणाचं बी मिसळलेलं असतं, ही बरसीम पिकवणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे. तू पेरून मोकळी होशील, तुझी बदली होईल, आणि तुझ्या जागी येणाऱ्याला त्या शेतात कासनीची निळी फुलं दिसतील. संरक्षित जंगलात बाहेरचं बियाणं नेणं हा तुझ्या-माझ्या हौसेचा विषय नाही. व्याघ्र संवर्धन आराखड्यात बरसीमचं नाव आहे का, एवढं तरी आधी साहेबांना विचार.

तर शेतात जा. पोळा नुकताच झालाय, म्हणजे तुला तिथे सगळीकडे पिवळं दिसेल. तो तरोटा. ज्याची कोवळी भाजी आपण पावसाच्या सुरुवातीला चवीने खातो, तोच. चितळ त्याला तोंड लावत नाही. गाव उठल्यावर शेतात पहिल्यांदा तोच का येतो, याचा विचार केलास का? पिढ्यान्पिढ्या नांगर फिरलेल्या मातीत गवताचं बी उरलेलंच नसतं. तरोट्याचं बी मात्र कठीण कवचाचं, मातीत कित्येक वर्षं पडून राहतं आणि पहिल्या पावसात उगवतं. म्हणून ट्रॅक्टर म्हटलं की माझं डोकं फिरतं. खाली दडलेलं बी नांगराने वर येतं आणि जे चार ठोंब गवत कसंबसं रुजलं असेल ते उलटून पडतं. तू शेत स्वच्छ केलंस असं तुला वाटेल आणि प्रत्यक्षात तरोट्याची मशागत झालेली असेल.

तरोटा उपटायचा असतो, मुळासकट, जमीन ओली असताना आणि फुलावर येण्याआधी. तुझ्याकडे तो फुलावर आलाच आहे, म्हणजे हातात फार थोडे दिवस आहेत. शेंगा तडकायला लागल्या की ते काम सोडून दे. त्यानंतर उपटणं म्हणजे हाताने पेरणी करणं. विळ्याने वरवर कापूही देऊ नकोस. खालून फुटवे येतात आणि बुटक्या झाडालाही शेंगा धरतात. मजूर म्हणतील, बाई, कापलं की लवकर होतं. लवकर होतंच. पण तुला रोजंदारीचा कागद भरायचा आहे की बी थांबवायचं आहे?

रानतुळस या दुसऱ्या तणाचंही तेच, फक्त ती जरा उशिरा फुलते. तिचं बी ओलं झालं की बुळबुळीत होऊन बुटाला, चाकाला चिकटतं, म्हणून गाडीरस्त्याच्या कडेने ती आधी सरकते. रायमुनियाला, म्हणजे घाणेरीच्या झुडपाला, वेगळी पद्धत लागते. बुंध्याशेजारची माती थोडी उकरायची, जमिनीच्या खाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मातीला टेकून पुन्हा धरत नाही. हेही फळं पिकायच्या आत. पिकली की पाखरं खातात आणि पुढची पेरणी तीच करतात.

आता गवत. तुझ्या पत्रात गवताचा उल्लेख एकदाच आला, तोही ‘काही गवतही आहे’ असा. बेटा, कुठलं? मारवेल, पवना, कुसळी, डोंगरी? वेगवेगळं गवत वेगवेगळ्या दिवशी पिकतं. तुरा पिकतो तोही बहुतेक वरून खाली, आणि पिकेल तसं बी झडत जातं. म्हणजे सगळं एकदम पिकेल म्हणून वाट बघणाऱ्याच्या हाती रिकामा तुरा लागतो. दिवाळीच्या मागेपुढे रोज सकाळी एक तुरा हातावर चोळून बघ. नुसता भुसा निघाला तर दाणा भरलेला नाही किंवा झडून गेलेला आहे. मधे बारीक, कडक काहीतरी बोटाला लागलं तर तो दाणा. मारवेलचं बी इतकं हलकं असतं की तळहात उघडून जोरात श्वास सोडलास तर उडून जाईल.

कुसळीचं एक वाळलेलं कुसळ घे, त्यावर पाण्याचा थेंब टाक आणि तळहात स्थिर धर. त्याचा पीळ सुटायला लागतो, शेपूट गोल फिरतं, आणि टोक कातडीवर टोचायला लागतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. दवाने सुटायचं, उन्हाने आवळायचं, असं करत ते बी स्वतःच जमिनीत शिरतं. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवतात, ती आग कुरणात शिरली की वर पडलेलं बी जळतं आणि आत शिरलेलं बरंचसं वाचतं. वणव्याच्या जागी वर्षानुवर्षं कुसळीच का दिसते, याचं एक कारण हेच. म्हणून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, वेळेवर काढ, आणि मोहफुलं वेचणाऱ्यांशी फेब्रुवारीतच जाऊन बोल. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना झाडाखाली साफ जागा हवी असते, ती झाडूनही होते.

हे सगळं मी इतकं ताणून का सांगतोय? कारण याच एका गोष्टीवरून मला आयुष्यभर हेकट म्हटलं गेलं. माझ्याकडे एक कुरण होतं. 1 ऑक्टोबरला पर्यटन सुरू होणार, रस्त्यालगतचं गवत पुरुषभर वाढलेलं, आणि वरून निरोप आला की पाहुण्यांना जनावरं दिसली पाहिजेत, गवत कापून टाका. मारवेल तुऱ्यावर होता, दाणा भरायचा होता. मी कापू दिलं नाही. तीन आठवडे मागितले, लेखी मागितले. मला उद्धट ठरवलं गेलं, पुढची बदली त्याच रागातून झाली असं आजही माझं मन सांगतं. नंतर आलेल्यांनी ते कुरण दर वर्षी सप्टेंबरअखेर कापलं. बी पडेना, ठोंब म्हातारे झाले, मधल्या मोकळ्या जागा तरोट्याने भरल्या. मी निवृत्त झाल्यावर तिथे जाऊन आलो. फार वाईट वाटलं. पण मी अडून बसलो ते चुकलं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. कापणीला माझा विरोध कधीच नव्हता! बी झडल्यावर कापा, वीतभर बुंधा ठेवून कापा, पट्ट्या-पट्ट्यांनी कापा म्हणजे पाडसांना आणि सशांना लपायला जागा राहील. जमिनीत ओल असेल तर कापलेल्या ठोंबाला कोवळे फुटवे येतात, आणि चितळाला ते कुठल्याही बरसीमपेक्षा मानवतात. फक्त बी पडू द्या, एवढंच मी म्हणत होतो. अजून तेच म्हणतो.

गवतावर विश्वास बसत नसेल तर मध्य प्रदेशातलं कान्हा आठव. तिथला बाराशिंगा जवळजवळ निव्वळ गवतावर जगणारा. 1970 मध्ये त्यांची मोजणी 66 वर आली होती. त्यांना कोणी पेंढ्या टाकून वाचवलं नाही. शिकार थांबली, कुंपण घालून काही भाग राखला गेला, गावं हलली आणि त्यांच्या शेतांवर गवत धरू दिलं गेलं. आज ते शेकडोंनी आहेत. आपल्या ताडोबात नवेगाव, जामणीच्या रिकाम्या शेतांवर चितळांचे कळप उभे दिसतात, तिथेही आकर्षण गवताचंच.

तू म्हणशील, काका, गवताला वेळ लागतो, चितळं तर येत्या मे महिन्यातच उपाशी असतील. खरं आहे, आणि याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. येत्या मे महिन्यासाठी तुझ्या हातात दोनच गोष्टी आहेत: आग आत येऊ न देणं आणि गावची गुरं बाहेर ठेवणं. उन्हाळ्याचा बराच चारा तसाही झाडावरून येतो. मोहाची फुलं, तेंदूची फळं, वानरांनी तोडून खाली टाकलेला पाला. ती झाडं राहिली आणि खालचं जळलं नाही तर कळप तग धरतो. शेत मात्र दोन-तीन पावसाळे मागेल. त्यातला एक तुकडा काटेरी कुंपण घालून पहिल्या वर्षी चितळांपासूनही राख. नाहीतर कोवळं गवत तुऱ्यावर येण्याआधीच खाल्लं जाईल. तुला वाईट वाटेल, उपाशी जनावराला मीच अडवते असं वाटेल. तरी अडव.

बी गोळा करायचं ते तुझ्याच जंगलातल्या गवताचं. सावलीत वाळव, कापडी पिशवीत ठेव, पिशवीवर गवताचं नाव आणि महिना लिही. ताजं बी लगेच पेरू नकोस, बऱ्याच गवतांचं बी काही महिने सुप्त राहतं. पावसाच्या तोंडावर ओल्या मातीत मिसळून बारीक गोळ्या कर आणि वरच्या वर टाक, खोल गाडू नकोस. गोळ्यांत शेण घालायला सांगतील तर चांगलं कुजलेलंच घाल. ताज्या शेणातून वेड्या बाभळीपासून काहीही उगवतं. मारवेलचे मुळासकट ठोंब मिळाले तर जुलैत लाव, ते बियापेक्षा लवकर धरतात.

ट्रॅक्टरला आजच नाही म्हणून सांग, आणि त्यातून वाचलेले पैसे उद्यापासून तरोट्याच्या मजुरीला लाव. बाया घे, त्यांचा निंदणाचा हात बसलेला असतो. पोतं परत जात असेल तर उत्तम. परत घेत नसतील तर जंगलाला लागून असलेल्या गावात ज्यांच्याकडे विहीर आणि म्हशी आहेत त्यांना वाटून टाक. पेरण्याआधी बी मिठाच्या पाण्यात टाकायला सांग, कासनी वर तरंगते, ती काढून जाळायची. घरचा हिरवा चारा असला तर त्यांची जनावरं हिवाळाभर तुझ्या बीटमध्ये कमी शिरतील. वाटल्याची यादी मात्र साहेबांची सही घेऊनच कर.

तुझा,
काका