गोळी कडक नको, मापाची हवी

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे चार इंची बॅरलचं .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर आहे. रेंजवर झाडण्यापुरत्या गोळ्या मी घरीच गॅरेजमध्ये ओततो, ०.३५७ इंचाच्या डायमधून (गोळीला नेमकं माप देणाऱ्या पोलादी साच्यातून) काढतो आणि त्यांना लिक्विड अलॉक्स हे पातळ वंगण लावतो. पन्नासेक फैरी झाल्या की बॅरलच्या सुरुवातीलाच शिसं थापल्यासारखं बसतं. ओळखीच्या एकाने सांगितलं, तुझं शिसं मऊ आहे, लायनोटाइप (छपाईसाठीचा कडक शिसं-मिश्रधातू) वापर. वापरलं, तर त्रास वाढलाच. आता वंगण बदलू का?
— एक वाचक, ऑस्टिन, टेक्सस

उत्तर : वंगण तूर्त बदलू नका. लायनोटाइपही बाजूला काढून ठेवा. तुमच्या पत्रावरून मला तरी वाटतं, गोळी बारीक पडते आहे.

०.३५७ हे माप तांब्याचं जॅकेट असलेल्या गोळीचं. ओतीव शिशाची गोळी बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांच्या मापापेक्षा एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) जास्त हवी, म्हणजे .३८ ला साधारण ०.३५८. (नाइन एमएमला ०.३५५ ऐवजी ०.३५६ आणि .४५ एसीपीला ०.४५१ ऐवजी ०.४५२, हिशोब तोच.) एका थाउने काय बिघडतं, असं वाटेल. पण तेवढी फट राहिली की पेटलेला वायू गोळीच्या कडेने पुढे घुसतो आणि तिची कड वितळवत जातो. ते वितळलेलं शिसं पोलादावर चिकटतं आणि पुढची प्रत्येक गोळी त्यावर इस्त्री फिरवल्यासारखी जाते. शिसं सुरुवातीलाच बसत असेल तर आधी मापावर संशय घ्यायचा. नळीच्या टोकाकडे बसत असेल तर वंगण अपुरं पडतंय.

लायनोटाइपने त्रास का वाढला, ते समजून घ्या. निव्वळ शिशाचा ब्रिनेल कडकपणा ५ च्या आसपास, जुन्या क्लिपवाल्या व्हील-वेटचा (गाडीच्या चाकाचा तोल साधायच्या शिशाच्या वजनाचा) १० ते १२ आणि लायनोटाइपचा २२. बारीक गोळीचा बूड दाबाने जरा फुगला तर फट बुजते. त्यासाठी किती दाब लागेल याचा ढोबळ हिशोब म्हणजे ब्रिनेलचा आकडा गुणिले १,४२२. लायनोटाइपसाठी तो ३१,००० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंचाच्या) वर जातो आणि .३८ स्पेशलची तर कमाल मर्यादाच १७,००० आहे. म्हणजे तुमची गोळी फुगणारच नाही. फट तशीच राहणार.

लायनोटाइप हा धातू मी लहानपणापासून ओळखतो. माझे वडील गिरगावात छापखान्याचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) ओतायच्या कामाला होते. खिळ्यांच्या धातूतही शिसं, अँटिमनी आणि कथीलच, फक्त प्रमाण वेगळं. साचा झिजून खिळा केसभर जाड आला की ओळ चौकटीत बसत नसे आणि अक्षरं जुळवणारे जुळारी तो परत पाठवायचे. धातू उत्तम असला तरी माप चुकलेला खिळा पुन्हा भट्टीतच जायचा. मी पुढे तीस वर्षं ओहायोत मशिन शॉपमध्ये काढली, तिथेही हेच पाहिलं.

तर आधी मोजा. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे दोनदा पाहा आणि सिलिंडर काढून हातात घ्या. प्रत्येक घराच्या पुढच्या तोंडातून, ज्याला थ्रोट म्हणतात, तुमची तयार गोळी बोटाने ढकला. जरासा जोर लावून सरकली तर उत्तम. गुळगुळीत घरंगळून खाली पडली तर ती बारीक आहे. अजिबात गेली नाही तर थ्रोटच अरुंद आहे. अशा वेळी डाय मोठी करून उपयोग नाही, कारण बॅरलपर्यंत पोचण्याआधीच थ्रोट गोळीला दाबून बारीक करणार. मग थ्रोट रीम करून (आतून कातून मोठे करून) घ्यावे लागतात आणि ते काम गनस्मिथकडेच द्या. सहाही घरं तपासा, एखादं वेगळं निघतं.

बॅरलचं माप घ्यायला मऊ शिशाचा तुकडा तेल लावलेल्या नळीतून लाकडी दांड्याने हळूहळू पार करतात आणि त्यावर उमटलेल्या खाचा मायक्रोमीटरने मोजतात. कॅलिपर इथे चालत नाही, त्याची चूकच एका थाउची असते. तुमच्या बॅरलला पाच खाचा असतील तर समोरासमोर खाच येत नाही आणि साधा मायक्रोमीटर फसवा आकडा देतो. तेव्हा थ्रोटवरच विश्वास ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. माझी गोळी डायमधून ०.३५८ ची निघायची, तरी शिसं बसायचंच. शेवटी एक तयार काडतूस पुलरने (गोळी उपसून काढायच्या साधनाने) उघडलं आणि आतली गोळी मोजली, तर ०.३५६! काडतुसाचं तोंड आवळणाऱ्या शेवटच्या क्रिम्प डायची कार्बाइड रिंग पितळी कवचासकट गोळीही आवळत होती. ती डाय बदलली आणि माझी नळी स्वच्छ राहू लागली. तुम्हीही एक काडतूस उघडून बघाच.

आता वंगण. आरपार ढकलायच्या डायसाठी लिक्विड अलॉक्स चांगलं आहे, पण लोक फार ओततात. गोळ्या आणि अलॉक्स घातलेला डबा हलवल्यावर गोळ्यांवर फिकट मधाच्या रंगाची झाक आली की पुरे. डायच्या आधी एक पातळ हात, नंतर एक, आणि रात्रभर मेणकागदावर वाळू द्या. सकाळी गोळ्या चिकट लागल्या तर जास्त झालंय. वंगणासाठी खोल खाच असलेली गोळी असेल तर ल्युब-सायझर (माप देता देता खाचेत वंगण भरणारं यंत्र) घ्या आणि मधमाशांचं मेण व अलॉक्स निम्मं-निम्मं असलेली जुनी कांडी भरा. मला अजूनही तीच आवडते. बुडाला लागलेलं वंगण मात्र पुसून टाका, ते काडतुसातल्या दारूत मिसळता कामा नये.

बसलेलं शिसं काढायला ब्राँझच्या ब्रशवर शुद्ध तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळा. घासणीला आधी लोहचुंबक लावून पाहा, चिकटली तर ती तांब्याची नव्हे.

आणि हात धुवा. कामाच्या जागी चहाचा कपसुद्धा नको. वडील घरी आले की आई त्यांना आंघोळीआधी आम्हा मुलांना जवळ घेऊ द्यायची नाही. त्यांचे कपडेही वेगळ्या बादलीत भिजायचे. शिसं वितळवायच्या भांड्यावरची राखाडी मळी आणि तिची धूळ हाच खरा धोका आहे. गॅरेजचं दार उघडं ठेवा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : माझा भाऊ नाशिकला असतो, त्याच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. त्याला माझा जुना साचा आणि डाय पाठवू का? इथल्या मित्रांना गोळ्या विकल्या तर चालेल?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : भावाला पाठवू नका. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही 'दारूगोळा' या व्याख्येतच येते. जवळ बाळगायचा परवाना म्हणजे बनवायचा परवाना नव्हे. इकडे अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, पण विकायचा धंदा करायचा तर लागतो. त्याशिवाय तुमच्या राज्याचे नियम आहेत आणि न्यू जर्सीचे कडक आहेत. ते वाचल्याशिवाय एक काडतूसही कुणाला देऊ नका.