पोर म्हणजे पार्सल नव्हे

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझी पटकथा ठेवून निघालास आणि चपला घालता घालता विचारलंस, "मॅडम, मारामारी वाढवू की कमी करू?" हा प्रश्न तुझ्या डोक्यात कुणी घातला माहीत नाही, पण रात्री तुझी पानं वाचून संपली तेव्हा तोच माझ्या डोक्यात घोळत राहिला. चार पोलीस, खून पाहिलेली आठ वर्षांची मुलगी, आणि तिला संपवायला निघालेले तीस जण. गोष्ट भक्कम आहे. पण पहिल्या काही पानांनंतर ती मुलगी तोंडच उघडत नाही. तिला उचलतात, जीपमध्ये टाकतात, टेबलाखाली लपवतात, ह्याच्या हातून त्याच्या हाती देतात. अरे, ते पोर आहे, पार्सल नव्हे.

एक मित्र म्हणतो हीरोला प्रेमप्रकरण दे, दुसरा म्हणतो एवढी अॅक्शन मराठीत परवडत नाही, तिसरा म्हणतो नाशिक दिसायला थंड आहे. तू तिघांचंही ऐकलंस आणि दुसरा अर्धा भाग उचलून मुंबईच्या गोदीत नेलास. गोदी तू कधी आतून पाहिलीयेस का? जुन्या नाशकातला तिवंधा तर तू लहानपणापासून तुडवतो आहेस. तिथल्या जुन्या वाड्याचा जिना आठव. भिंतीतून वर जाणारा, अंधारा, उंच उंच पायऱ्यांचा, एका वेळी एकच माणूस कसाबसा चढेल असा, आणि वरून फळीचं दार टाकलं की बंद. तीस जण आले तरी त्या जिन्यात ते एकेकटेच येणार. थोड्यांनी पुष्कळांना थोपवायचं ते असं, जागेच्या जोरावर.

नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर आपण शाळेच्या सहलीला जातो आणि करवंदं खाऊन परत येतो. 1682 साली शहाबुद्दीन खानानं त्याला वेढा घातला, आणि त्या लहानशा गडानं औरंगजेबाच्या एकामागून एक सरदारांना वर्षानुवर्षं दाद दिली नाही. वर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकूड पोकळून, चामडं वापरून त्यांनी तोफा केल्या, हे मोगलांच्याच बाजूचा इतिहासकार खाफीखान लिहून गेला आहे. तुझ्या गोष्टीत असं एक तरी लाकूड हवं. तुझा नायक मात्र नुसता गोळ्या झाडत सुटतो.

गोळ्यांचंही ऐक. आमच्या कॉलनीत एक निवृत्त हवालदार राहतात, त्यांच्याकडे मी वही घेऊन बसत असते. गार्ड म्हणजे एक हवालदार आणि तीन शिपाई. तीनच का? कारण दोन तास पहारा, चार तास आराम, असं चक्र तिघांत बसतं. एक जखमी झाला की उरलेल्या दोघांना दोन तास पहारा आणि दोनच तास डोळा मिटायला. दुसऱ्या रात्री माणूस उभ्या उभ्या झोपतो. तुझा खरा शत्रू ती झोप आहे, तीस जण नंतर. पोलिसांच्या एसएलआर रायफलच्या मॅगझीनमध्ये 20 गोळ्या असतात, आणि ड्यूटीवर झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशोब द्यावा लागतो, रिकाम्या पुंगळ्यासुद्धा वेचून जमा करायच्या. घोडा ओढण्याआधी हवालदाराच्या मनात तो हिशोब येतोच. ते लिही.

आणि ही मुलगी मुळात वाड्यात का आहे, पोलीस ठाण्यात का नाही, याचं उत्तर तुझ्याकडे नाही. कायद्याकडे आहे. पंधरा वर्षांखालच्या साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तो राहतो तिथे जाऊन विचारायचं असतं. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या डिसेंबरात मंजूर केली. तिच्यात धोक्याचे तीन वर्ग आहेत, आणि आदेश मिळाल्यापासून पोलिसांना अहवाल द्यायला कामकाजाचे पाच दिवस. तोवर तात्पुरतं संरक्षण. बघ, तुझी सगळी गोष्ट या पाच दिवसांत मावते. अहवाल आलेला नाही, मुलगी आजीच्या वाड्यात, दाराशी एक हवालदार आणि तीन शिपाई.

कुमक का येत नाही, असं प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत विचारणार, कारण प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. त्यासाठी तू टॉवर पाडलास. कशाला? ऑगस्ट दाखव. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदावरीवरचा रामसेतू पूल पाण्याखाली, आणि सगळं गाव एकमेकांना एकच विचारतंय: पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला? 2008, 2016, 2019, तिन्ही पूर पाहिलेली माणसं घरोघरी आहेत. सराफ बाजारात पाणी शिरलं की अख्खा बंदोबस्त नदीकडे धावतो. तेवढ्यात आठजण छत्र्या घेऊन गल्लीत उभे राहिले तर कोण हटकणार? पूर बघायलाच आलेत, असं वाटेल.

आता मुलीकडे. मी याच मुद्द्यावर येणार हे तुला ठाऊक आहे, आणि मी शंभरदा येईन. पोर म्हणजे पार्सल नव्हे. आठ वर्षांच्या मुलीला रात्री दोन वाजता लघवीला लागते. संडास चौकाच्या पलीकडे. चौकावर शेजारच्या माळवदावरून नजर आहे. हवालदार म्हणतो बादली आण, ती म्हणते मी नाही जाणार तुमच्यासमोर. आजीला उठवावं तर आजीला दिसत नाही, कंदील लावावा तर बाहेरच्यांना दिसतं. इथे एकही गोळी सुटत नाही आणि प्रेक्षकाचा श्वास अडकतो. हा प्रसंग तुझ्या गोदीतल्या पंधरा पानांहून वजनदार आहे, कारण तिथे ती ठरवते आणि चार बंदूकवाले तिच्या ठरवण्याभोवती धावतात. ती कुणावर विश्वास ठेवते? तीन शिपायांतला कोणता तिला आवडत नाही, आणि ते खरं निघतं का? खुनी माणसाच्या चपलेचा अंगठा तुटलेला तिनं पाहिलाय, तर ती आता प्रत्येकाच्या पायांकडे बघते का? मला हे हवंय.

1666 साली आग्र्याहून निसटल्यावर महाराजांनी संभाजीराजांना मथुरेत मोरोपंतांच्या नातलगांकडे ठेवलं. मूल नऊ वर्षांचं. अख्खी मोगल सत्ता मागावर, आणि राखणारे कोण, तर एक घरंदाज कुटुंब. घोडदौड सगळे लिहितात. त्या नऊ वर्षांच्या मुलानं परक्या घरात, परक्या वेषात कसं निभावलं असेल, याचा विचार करताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

तू म्हणशील, मॅडम फार हट्टी आहेत. आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालिकेसाठी मी अशीच गोष्ट लिहिली होती. निर्माते म्हणाले, मुलगा बेशुद्ध दाखवा, बालकलाकाराचे शूटिंगचे दिवस वाचतील. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलं, मुलगा चार भाग डिकीत झोपून राहिला, आणि मला पुन्हा काम आलं नाही. घरच्यांनी खूप समजावलं. पैशाची गरज होती, नव्हती असं नाही. माझी गोष्ट कपाटातच राहिली याचं दुःख आहे, रोज आहे. पण तो मुलगा मी डिकीत घातला नाही. आज कुणी पुन्हा विचारलं तरी मी तेच उत्तर देईन, आणि तू माझ्याकडे शिकायला आला आहेस तर तुलाही तेच सांगणार. बजेटचं रडगाणं मला नको. एक वाडा, चार बंदुका, पाऊस आणि एक चांगली मुलगी, एवढ्यात होतं.

तर असं कर. गोदी काढून टाक, प्रेमप्रकरण काढून टाक. एखाद्या वाड्याच्या मालकांना विचारून दुपारी आत जाऊन ये, जिन्याच्या पायऱ्या मोज, वरचं दार किती जड आहे ते स्वतः उचलून बघ. मग सगळी गोष्ट एकदा फक्त मुलीच्या बाजूनं लिही, पोलिसांना काय माहीत आहे ते बाजूला ठेवून. आवडली नाही तर फाड, पण लिही. शनिवारी संध्याकाळी मी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात असते. पहिली वीस पानं घेऊन ये, आणि येताना त्या तिघा मित्रांना आणू नकोस.

तुझी,
मॅडम