सासूबाईंना उठवताना कंबरेत चमक

प्रश्न : सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना कुशीवर वळवणं, खुर्चीत बसवणं मीच करते. हल्ली उचलताना कंबरेत चमक येते. एमआरआयमध्ये विशेष काही नाही. दिवसभर पट्टा लावते. पोट कमकुवत असेल म्हणून सिट-अप्स सुरू केले, तर दुखणं वाढलं. काय करू? – एक वाचक, वय ४४

उत्तर : ताई, सिट-अप्स आजपासून बंद. आधीच दिवसभर तुमचं वाकणं चाललेलं असतं, त्यात हा व्यायाम मणक्यांमधल्या चकत्यांवर आणखी दाब आणतो.

कणा सावरायला पोटाचा आतला, पट्ट्यासारखा आडवा स्नायू, मणक्यांलगतचे मल्टिफिडस, श्वासपटल आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू एकत्र लागतात. निरोगी माणूस नुसता हात उचलतो तेव्हाही हा आडवा स्नायू हाताच्या आधी आवळला जातो. जुनी कंबरदुखी असलेल्यांमध्ये त्याला उशीर होतो, असं हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांना १९९६ मध्ये आढळलं. म्हणून मी नुसती ताकद वाढवायला सांगत नाही. ओझं अंगावर येण्याआधी पोट सावध व्हायला हवं.

उताणं झोपून गुडघे वाकवा. कंबरेच्या पुढच्या हाडांच्या किंचित आत बोटं टेकवा. श्वास सोडत बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या. बोटांखाली ताण जाणवला पाहिजे. पोट फुगलं किंवा श्वास अडकला, तर जोर जास्त झाला. हे जमलं की हात आणि गुडघे टेकून ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करा, आठ-दहा सेकंद धरा, मग बाजू बदला. कंबर डगमगू देऊ नका.

हेच पोट सासूबाईंना उठवताना वापरायचं. मी रुग्णाच्या घरी गेले की आधी पलंगाची उंची बघते. त्यांचे तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. त्यांना कडेला सरकवा, पाय गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, खुर्ची चांगल्या बाजूला ठेवा. तुमचे पाय फाकलेले, गुडघे वाकलेले. त्यांना पुढे झुकायला सांगा, ‘एक, दोन, तीन’ म्हणा आणि तीनला श्वास सोडत दोघी मिळून उठा. वळताना पावलं टाका, कंबर पिळू नका. लुळ्या हाताला किंवा काखेत धरून त्यांना कधीही ओढू नका, खांदा निखळू शकतो. कुशीवर वळवताना तुमचा एक गुडघा पलंगावर टेकवा, म्हणजे लांबून वाकावं लागणार नाही.

त्यांचंही धड कमजोर झालेलं असतं. तुम्ही अगदी जवळ राहून त्यांना रोज थोडा वेळ पलंगाच्या कडेला बिनटेकू बसू द्या. धड सावरू लागलं की उठताना त्यांचा भार तुमच्यावर कमी येईल.

पट्टा फक्त उचलण्यापुरता. पायात जोर कमी वाटला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एरवी सासूबाईंच्या फिजिओथेरपिस्टसमोर त्यांना एकदा उठवून दाखवा आणि तुमची कंबर कुठे वाकते ते बघायला सांगा.