जुनी नाणी ऑनलाइन लिलावात विकताना एवढा मनस्ताप का होतो?

तुम्ही विचारलंय की आजोबांची नाण्यांची पेटी हाती आली आहे, त्यात राणी छाप (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले) आणि राजा छाप (तिच्यानंतरच्या इंग्रज राजांचे) रुपये आहेत, थोड्या शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आहेत. ती ऑनलाइन लिलावात काढावी का, आणि बोली जिंकणारे पैसेच देत नाहीत हे खरं का?

खरं आहे. मी पुण्यात राहतो, नाणी जमवतो आणि जवळची डबल नाणी बरीच वर्षं ऑनलाइन विकत आलोय. हा त्रास कमी करता येतो, पूर्ण टळत नाही. मुळाशी गोष्ट एकच आहे: ऑनलाइन बोली लावणाऱ्याचं त्या क्षणी काहीच जात नाही. आमच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी गिऱ्हाईक समोर उभं असतं. नाणं हातात घेतो, दगडावर वाजवून बघतो, घासाघीस करतो, पण एकदा भाव ठरला की खिशात हात जातोच. मोबाइलवर तसं नाही. तिथे आकडा टाइप करायला दोन सेकंद लागतात आणि तो विसरायला त्याहून कमी.

पूर्वी आपल्याकडे बाझी डॉट कॉम ही ऑनलाइन लिलावाची साइट होती. २००४ मध्ये ईबे या अमेरिकी लिलाव कंपनीने ती घेतली आणि नाणी-तिकिटं विकणाऱ्या आमच्यासारख्यांना पहिल्यांदाच देशभरातलं गिऱ्हाईक मिळालं. त्या काळचे नियम बघितले तर आजच्या तक्रारी जुन्याच आहेत हे कळतं. सुरुवातीला खरेदीदार आणि विक्रेता दोघंही एकमेकांना शेरे देत. विक्रेते सूड म्हणून वाईट शेरा देतात, असं कारण देऊन ईबेने २००८ मध्ये विक्रेत्याचा तो अधिकार काढून घेतला. कारणात तथ्य होतं, पण पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल दुसऱ्या विक्रेत्याला सावध करण्याचं हत्यारही त्याबरोबर गेलं. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेची भारतातली साइट बंद झाली आणि माझ्या ओळखीचे बहुतेक संग्राहक फेसबुक आणि व्हॉट्सॅपच्या ग्रुपांवर गेले. तिथे लिलाव म्हणजे एक फोटो, बेस प्राइस, किती रुपयांनी बोली वाढवायची ते आणि बंद होण्याची वेळ. बोली कमेंटमध्ये. मध्ये कोणी पंच नाही, फार तर ॲडमिन. कमेंट खोडता येते, बदलता येते. म्हणून लिलाव बंद होताच स्क्रीनशॉट घ्यायचा, ही पहिली सवय लावून घ्या.

आता जिंकणारा गायब होतो तेव्हा नेमकं काय बिघडतं ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एक गेला तर दुसऱ्याला द्या. समजा शिवराईवर एकाने चारशेची बोली लावली, दुसऱ्याने साडेचारशे, मग पाचशे, साडेपाचशे असं दोघांत वाढत गेलं. जिंकणारा फोन उचलत नाही. तुम्ही हरलेल्याला विचारता आणि तो म्हणतो, ‘दादा, आता नको, तेवढ्यात दुसरीकडून घेतली.’ किंवा त्याला शंका येते की जिंकणारा माणूस तुमचाच होता, भाव चढवायला बसवलेला. ही शंका त्याला येणं चूक नाही, असे लोक असतात. पण ती प्रामाणिक विक्रेत्याच्या गळ्यात पडते आणि तुमच्याकडे ती खोडून काढायला काही नसतं. शिवाय त्याची बोली चढली तीच मुळात समोरच्या खोट्या बोलीमुळे. ती काढली तर तो चारशेवरच थांबला असता. तुम्ही चारशेला द्यायला तयार झालात, तरी तोवर त्याचा उत्साह मेलेला असतो. नाणं परत लिलावात टाकलं की सगळे म्हणतात, मागच्या वेळी विकलं गेलं नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे. न आलेल्या साडेपाचशे रुपयांपेक्षा मला हे जास्त लागतं. एका बेजबाबदार माणसाने चांगल्या नाण्यावर डाग पाडलेला असतो.

दुसरी तक्रार शेवटच्या सेकंदांची. दिवसभर शांतता आणि नऊ वाजायला दहा सेकंद असताना एकच बोली. इतरांना उत्तर द्यायला वेळच मिळत नाही, नुकसान विकणाऱ्याचं. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली यावर निबंध लिहिला होता. तेव्हा ॲमेझॉनही लिलाव चालवत असे आणि तिथे शेवटी बोली आली की वेळ आपोआप वाढायची. ईबेवर वेळ पक्की होती. शेवटच्या क्षणी उडी मारणारे ईबेवर कितीतरी जास्त सापडले. म्हणून माझ्या प्रत्येक लिलावात मी आधीच लिहितो: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर आणखी पाच मिनिटं. काही जण चिडतात. चिडू द्या.

मग परतावा. ‘नाणं साफ केलेलं वाटतंय’ म्हणून परत येतं आणि पाकिटातून निघतं ते वेगळंच, जास्त झिजलेलं. यावर उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो, काट्यावर ठेवून वजनाचा फोटो, पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ. आणि कृपा करून पेटीतलं काहीही चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका. तांब्याच्या शिवराईवरचा काळपट थर गेला की संग्राहक तिच्याकडे बघतही नाही.

विकायला बसाल तेव्हा आणखी एक प्रकार भेटेल. फोन येईल की तुमच्या नाण्याला लाखांचं गिऱ्हाईक आहे, आधी नोंदणी फी किंवा टॅक्स भरा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट पत्रक काढलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमचा काही संबंध नाही, अशी कोणतीही फी आम्ही घेत नाही. ‘पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणणाराही चोरच. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातून कितीही मोठी बोली आली तरी शिवराई आणि राणी छाप त्यांना देता येणार नाही. घरची पेटी विकणं आणि धंदा करणं वेगळं. धंद्याला परवाना लागतो.

तुमच्या पेटीचं मी असं करीन. १९४० च्या आधीचे रुपये ११.६६ ग्रॅमचे आणि ९१.७ टक्के चांदीचे आहेत, म्हणजे एका नाण्यात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, झीज असेल तर थोडी कमी. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाखाली बेस प्राइस कधीही ठेवू नका. ‘एक रुपयापासून सुरू’ वाचून गर्दी जमते, पण दोन खरे गरजू नसतील तर नाणं चांदीच्याही खाली जातं आणि तेव्हा नाही म्हणणं तुम्हाला शोभणार नाही. साधे राजा छाप लिलावात घालूच नका, ठरलेल्या किमतीला विका. १८६२ सालाचा राणी छाप बघून हुरळू नका, तेच साल कोरून ते रुपये १८७४ पर्यंत पाडले गेले. साध्या शिवरायाही पुष्कळ मिळतात, कारण शिवाजी महाराजांनंतर पेशवाईतही त्या पडत राहिल्या. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया मात्र वेगळा काढा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. लिलाव अशाच नाण्याचा करावा, जिथे दोन माणसं खरोखर हट्टाला पेटू शकतात. ते ग्रुपवर टाकण्याऐवजी मुंबई, अहमदाबाद किंवा बंगळूरच्या नाण्यांच्या लिलावगृहाकडे द्या. ते कमिशन घेतात, पण बोली लावणाऱ्याची ओळख त्यांच्याकडे असते आणि पैसे बुडवले तर पुढच्या लिलावात त्याला दार बंद होतं.

तरीही ग्रुपवरच विकणार असाल तर नवख्या नावाकडून आधी थोडी रक्कम अनामत मागा. खरा संग्राहक देतो. न देणाऱ्याला बोलीतून वगळा, भाव कमी आला तरी चालेल. पोस्टाचा खर्चही आधीच लिहा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या हिशोबावर जाऊ नका.

शिवरायांचे फोटो इथे टाकलेत तर बघून सांगेन. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ अशी अक्षरं असतात. किती दिसतात, ओळींच्या मध्ये दोन रेघा आहेत का आणि वजन किती भरतं, तेवढं सोबत लिहा.