शाळेत असताना घेतलेल्या कॉलेजच्या विषयांची ग्रेड पुढे कुठे कुठे दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डॅलसजवळ राहता, मुलगी दहावीत आहे. पुढच्या वर्षापासून तिला शाळेतच ड्युअल क्रेडिटचे, म्हणजे कम्युनिटी कॉलेजचे विषय घेता येतील. मैत्रिणी चार-चार विषय घेताहेत. तिला पुढे मेडिकलला जायचंय. या विषयांचा जीपीएवर (ग्रेडच्या सरासरीवर) आणि ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) काय परिणाम होतो, आणि ग्रेड खराब आली तर ती काढून टाकता येते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, काढून टाकता येत नाही.

मी टेक्सासमधल्याच एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. माझ्या वर्गात दर सेमिस्टरला अकरावी-बारावीची मुलं असतात आणि त्यांत आपली मराठी मुलंही असतात. हुशार असतात, मेहनती असतात. तरी त्यांतल्या एखाद्याच्या नावापुढे सी भरताना मला फार वाईट वाटतं, कारण ती ग्रेड पुढे कुठपर्यंत जाणार आहे हे त्याला किंवा त्याच्या आईवडिलांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

ड्युअल क्रेडिटमध्ये एकाच विषयाची ग्रेड दोन ठिकाणी नोंदली जाते. एक शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर आणि दुसरी कॉलेजच्या. तुमची मुलगी अकरावीत कॉलेजचा इंग्लिश १३०१ हा विषय घेईल त्या दिवशी तिची कॉलेजची कायमची नोंद सुरू होईल, वयाच्या सोळाव्या वर्षी. आपण महाराष्ट्रात शिकलो, त्यामुळे आपल्या डोक्यात केटीची पद्धत बसलेली असते: विषय राहिला, पुन्हा बसलो, सुटला, संपलं. इथे विषय पुन्हा घेता येतो, आणि बरीच कॉलेजं स्वतःचा जीपीए काढताना दोन्हींतली चांगली ग्रेड धरतातही. पण आधीची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर छापलेली राहते.

आता शाळेकडची बाजू. इथे पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे 'कॉलेजचा विषय आहे, म्हणजे जीपीएत एपीइतकंच वजन मिळणार'. (एपी म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय.) टेक्सासमध्ये हे ज्या-त्या स्कूल डिस्ट्रिक्टवर आहे. काही डिस्ट्रिक्ट ड्युअल क्रेडिटला एपीच्या बरोबरीने गुण देतात, काही एक पायरी खाली ठेवतात. फ्लोरिडात कायद्यानेच दोन्हींना सारखं वजन द्यावं लागतं, म्हणून तिकडच्या नातेवाइकांचा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही. आणि टेक्सासमध्ये या वजनाला फार महत्त्व आहे, कारण इथे क्लास रँक, म्हणजे इयत्तेतला क्रमांक, थेट प्रवेशाशी जोडलेला आहे. १९९७ च्या कायद्याने वरच्या दहा टक्क्यांतल्या मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. यूटी ऑस्टिनसाठी ही मर्यादा २०२६ च्या प्रवेशांपासून पाच टक्के आहे. जिथे एका इयत्तेत हजारभर मुलं असतात आणि वरची शंभरेक मुलं जीपीएच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशांशावर पुढेमागे होतात, तिथे एपीऐवजी कमी वजनाचा ड्युअल क्रेडिट घेतला तर ए मिळवूनही रँक खाली जाऊ शकतो. तेव्हा तुमच्या डिस्ट्रिक्टचं ग्रेडिंगचं पत्रक उघडा आणि ड्युअल क्रेडिट कोणत्या रकान्यात आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. इतर पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या बाबतीत विसंबू नका.

शाळेत सतत नव्वदच्या वर असणारी मुलं कॉलेजच्या विषयात घसरतात, त्याचं कारण बहुतेक वेळा अभ्यासक्रम नसतो, मार्क देण्याची पद्धत असते. शाळेत गृहपाठ, छोट्या क्विझ, प्रोजेक्ट असं बरंच काही मिळून सरासरी होते. परीक्षा बिघडली तर अनेक शाळांत फेरपरीक्षा देता येते, उशिरा दिलेलं कामही थोडे मार्क कापून घेतात. माझ्या अल्जिब्राच्या वर्गात तीन चाचण्या आणि शेवटची परीक्षा मिळून बहुतेक सगळे मार्क ठरतात. फेरपरीक्षा नाही. ऑनलाइन गृहपाठ रविवारी रात्री ११:५९ ला बंद होतो. सप्टेंबरच्या शेवटी पहिल्या चाचणीत ६८ मिळालेली मुलगी माझ्यापाशी येते आणि विचारते, 'करेक्शन्स कधी द्यायची?' तिच्या आजवरच्या शाळेत चुका दुरुस्त करून दिल्या की मार्क वाढतात, म्हणून ती विचारते, तिचा काहीच दोष नाही. पण त्या ६८ चं आता काही होणार नसतं, आणि सरासरी ए वर न्यायला पुढच्या दोन्ही चाचण्यांत तिला जवळजवळ पूर्ण मार्क लागतात.

म्हणून तारखा महत्त्वाच्या. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत नेहमीच्या लांबीच्या सेमिस्टरला बारावा वर्गदिवस हा 'सेन्सस डे', म्हणजे विद्यार्थ्यांची नोंद पक्की होण्याचा दिवस, असतो. त्याआधी विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर त्याचा मागमूस राहत नाही. त्यानंतर, पण कॉलेजने दिलेल्या शेवटच्या तारखेआधी सोडला, तर डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) लागतो. डब्ल्यू जीपीएत धरला जात नाही, एखादा असला तर आभाळ कोसळत नाही. पण तीन-चार झाले की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो. ती तारीखही गेली की जी ग्रेड येईल ती घ्यायची. पंचाईत अशी की बारावा वर्गदिवस बहुधा पहिल्या चाचणीच्या आधीच येऊन जातो. शिवाय शाळेला तो विषय हायस्कूल डिप्लोमासाठी हवा असेल तर मध्येच सोडून दुसरा कोणता लावायचा हा शाळेच्या वेळापत्रकाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत सिलॅबस तुम्ही दोघींनी बसून वाचा आणि तिला स्पष्ट विचारा: हे झेपेल का?

आता मेडिकल. तुमच्या प्रश्नात हा मुद्दा एका ओळीत आलाय, पण माझ्या मते सगळ्यात काळजीपूर्वक विचार इथेच करायला हवा.

एखाद्या विद्यापीठात कम्युनिटी कॉलेजचं क्रेडिट ट्रान्सफर झालं की साधारणपणे क्रेडिट येतं, ग्रेड येत नाही. नव्या विद्यापीठातला जीपीए शून्यापासून सुरू होतो. त्यामुळे अनेकांना वाटतं की झालं गेलं गंगेला मिळालं. मेडिकल स्कूलच्या अर्जात तसं होत नाही. देशभरातल्या एमडी कॉलेजांसाठी एएमसीएएस आणि टेक्साससाठी टीएमडीएसएएस या अर्जसेवा आयुष्यात घेतलेला कॉलेजचा प्रत्येक विषय मागतात, शाळेत असताना घेतलेलेही. क्रेडिट पुढे वापरलं की नाही याला महत्त्व नाही. सगळ्या ग्रेड मिळून त्या स्वतःचा जीपीए काढतात, आणि विषय दोनदा घेतला असेल तर दोन्ही ग्रेड धरतात.

हिशेब करून दाखवते; ए चे ४, बी चे ३ आणि सी चे २ गुण धरतात. समजा तिने शाळेत चार विषय घेतले, प्रत्येकी तीन क्रेडिटचे, आणि चारही विषयांत बी मिळवली. पुढे विद्यापीठात उरलेल्या १०८ क्रेडिटमध्ये तिने सगळीकडे ए मिळवली. अर्जावरचा जीपीए ३.९ होईल. ही काही वाईट गोष्ट नाही, पण निर्दोष चार वर्षं करूनही ४.० आता शक्य नाही, आणि ते अकरावीतच ठरलं. विज्ञानाच्या जीपीएत फरक आणखी जास्त पडतो, कारण तो मोजक्या क्रेडिटवर निघतो: जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र आणि गणित. गणित त्यात आहे हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अशी एकूण ५० क्रेडिट धरली, त्यांत कॉलेज अल्जिब्राच्या तीन क्रेडिटला सी आणि बाकी सगळीकडे ए असेल, तर विज्ञानाचा जीपीए ३.८८ येतो. एका सोळा वर्षांच्या मुलीच्या एका सेमिस्टरमुळे.

लॉ स्कूलचंही तसंच आहे. लॉ स्कूलचे अर्ज हाताळणारी एलएसएसी ही संस्था पहिल्या पदवीआधीच्या सगळ्या कॉलेज-ग्रेड धरते. तिचं मन बदललं तर माहीत असू दे.

त्यामुळे माझं मत असं: मेडिकलला जाणाऱ्या मुलीने जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र ड्युअल क्रेडिटने घेऊ नये. काही मेडिकल स्कूलना हे पायाभूत विषय चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले आवडतात, आणि तिलाही पुढे एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी त्यांचा पाया पक्का लागणार आहे. हे विषय एपीने घ्यावेत. एपीमध्ये मे महिन्यातल्या परीक्षेत पाचपैकी ३ मिळाले आणि तिला ते दाखवायचे नसतील, तर बहुतेक विद्यापीठांना ते पाठवायची सक्ती नसते. एपीची शाळेतली ग्रेड शाळेच्याच ट्रान्सक्रिप्टवर राहते, कॉलेजची नोंद सुरू होत नाही. ड्युअल क्रेडिटमध्ये ही मोकळीक नाही. फक्त यूटी ऑस्टिनचा ऑनरॅम्प्स हा कार्यक्रम तुमच्या शाळेत असेल तर त्याची चौकशी जरूर करा. त्यात शाळेचे शिक्षक शाळेची ग्रेड देतात, विद्यापीठ आपली वेगळी ग्रेड देतं, आणि शेवटी कॉलेजचं क्रेडिट घ्यायचं की नाकारायचं हे मुलांना ठरवता येतं. धाकधूक असलेल्या मुलांसाठी मला ही पद्धत फार रास्त वाटते.

मग ड्युअल क्रेडिट घ्यायचंच नाही का? घ्यायचं, आणि मनापासून घ्यायचं. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत जाणार असेल तर ४२ क्रेडिटचा कोअर करिक्युलम (सगळ्यांना करावे लागणारे सामान्य विषय) सगळीकडे चालतो, आणि हिस्ट्री १३०१ कुठल्याही कम्युनिटी कॉलेजात केला तरी नंबर तोच असतो. अमेरिकेचा इतिहास, गव्हर्नमेंट २३०५, इकॉनॉमिक्स २३०१ हे विषय शाळेतही करावेच लागतात. ते असे केले तर एका दगडात दोन पक्षी, आणि विद्यापीठाची फी वाचते ती वेगळीच. लिहिण्यावाचण्याची आवड असेल तर इंग्लिश १३०१-१३०२ बारावीत घ्यावा. अकरावीत सुरुवात एका विषयाने करावी, तो ए ने पार पडला तर पुढच्या सेमिस्टरला दोन. मैत्रिणी चार घेताहेत म्हणून चार, हे कारण मी माझ्या मुलाच्या वेळीही ऐकून घेतलं नाही.

खासगी किंवा टेक्सासबाहेरच्या विद्यापीठांचा विचार असेल तर हे धरून चाला की तिथे क्रेडिट मिळेलच असं नाही, विशेषतः तो विषय हायस्कूल डिप्लोमासाठीही वापरला असेल तर. क्रेडिट मिळो न मिळो, अर्जात ग्रेड मात्र दाखवावी लागते. बाकी, कितीही क्रेडिट झाली तरी बारावीनंतर ती फ्रेशमन (पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी) म्हणूनच अर्ज करते, त्यामुळे फ्रेशमनच्या स्कॉलरशिप हातच्या जात नाहीत.

आर्थिक मदतीबद्दल एवढंच: तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल आणि पुढे फेडरल मदत घेणार असाल, तर पुढच्या विद्यापीठात गेलेली शाळेतली क्रेडिटही 'समाधानकारक प्रगती'च्या (मदत चालू राहण्यासाठीच्या अटीच्या) हिशेबात येतात. त्याच कम्युनिटी कॉलेजात पुढे शिकायचं असेल तर तिथले एफ आणि डब्ल्यूही धरले जातात. एच-४ व्हिसावर असाल तर ही मदत लागूच नाही.

एक गोष्ट आईवडिलांना खटकते. मुलगी सोळाची असली तरी कॉलेजच्या नोंदींचे हक्क १९७४ च्या फर्पा कायद्याने तिचे होतात. मला पालकांच्या मेल येतात, 'तिला दुसऱ्या चाचणीत किती मिळाले?' आणि मला ते सांगता येत नाही. कर भरताना मुलगी तुमच्यावर अवलंबून असेल तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण तो मार्ग कार्यालयातून जातो, शिक्षकांकडून नाही. सेमिस्टर सुरू होतानाच तिच्याकडून संमतीचा फॉर्म भरून घ्या. आणि कॉलेजने दिलेला ईमेल ती रोज उघडते ना, हे बघा. डब्ल्यूच्या तारखेची सूचना तिथेच येते आणि मुलं शाळेचाच ईमेल बघत बसतात.

पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे फॉर्म बहुतेक शाळांत जानेवारी-फेब्रुवारीत भरतात, म्हणजे आत्ताच काउन्सेलरची वेळ घ्या. ड्युअल क्रेडिटचं जीपीएतलं वजन किती, कॉलेजची अक्षरी ग्रेड शाळेच्या शंभरापैकी मार्कांत कशी बदलतात, आणि सेन्सस डेनंतर विषय सोडला तर शाळेत त्याजागी काय लागेल, ही तीन उत्तरं मेलवर लेखी मागा. बारावीच्या मे महिन्यात शेवटच्या ग्रेड लागल्या की कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट वेगळी मागवून विद्यापीठाला पाठवावी लागते. शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर तो विषय दिसतो म्हणून क्रेडिट आपोआप जात नाही.